पाण्यावरचा केशरी फटकारा

"मोठं चित्र जागेवर आहे. नेलंय ते छोटं," चित्रकार म्हणाला, आणि एवढं बोलूनच दमल्यासारखा खुर्चीत बसला.

अक्का नानाच्या शर्टाला बटण लावत होती. नाना, तिचा धाकटा भाऊ, शर्टाअभावी टॉवेल पांघरून बसला होता. सकाळी सकाळी गिऱ्हाईक येईल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. अक्काच्या खासगी तपासाच्या धंद्यात गिऱ्हाईक दुपारनंतर, घरच्यांची नजर चुकवून यायचं.

"केवढं छोटं?" अक्काने सुई न थांबवता विचारलं.

चित्रकाराने दोन्ही हातांनी हवेत शाळेच्या पाटीएवढा चौकोन काढला. "लाकडी फळीवर केलेलं, तैलरंगात. गेल्या उन्हाळ्यात तळ्याकाठी बसून एका बैठकीत संपवलेलं. त्याच्यावरूनच मोठं करतोय, भिंतीएवढं. काल दुपारी जेवायला खाली गेलो, जरा आडवा झालो. चहाच्या वेळी वर आलो तर फळी नाही."

"अहो, मग चोराची अक्कल चरायला गेली होती म्हणायची," नाना टॉवेल सावरत म्हणाला. "भिंतीएवढं सोडून पाटीएवढं नेलं!"

"भिंतीएवढं दारातून निघत नाही. पण शेजारी फ्रेम केलेली चित्रं रांगेने उभी होती. त्यांना हात लावलेला नाही."

"छोटं कुणी विकत घेईल का?" अक्काने विचारलं.

"फुकटसुद्धा घेणार नाही कुणी. आम्ही त्याला स्टडी म्हणतो. जागेवर बसायचं, ऊन आणि रंग पळून जायच्या आत पकडायचे. मग घरी येऊन त्याच्या आधाराने मोठं करायचं. शिदोरी असते ती."

"मग पुन्हा जा त्या तळ्यावर. दुसरी बांधून आणा," नाना म्हणाला.

चित्रकाराने स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"त्याच संध्याकाळी, त्याच तळ्यात, माझी मुलगी बुडाली," तो म्हणाला. "तिथे माझ्याच्याने जाववत नाही."

अक्काने दोरा तोडला आणि शर्ट नानाकडे फेकला. "घाल. निघायचंय."

*

घर दुमजली होतं. वरचा अख्खा मजला म्हणजे चित्रकाराची काम करायची खोली. जिन्यातच जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाईनचा वास यायला लागला. किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेली असायची. म्हणजे घरात वावरणाऱ्या कुणालाही ती हात लांबवला की मिळत होती.

मोठं चित्र समोरच्या भिंतीला टेकून उभं होतं. नाना त्याच्यासमोर गेला आणि तिथेच थबकला.

हिरवं, खोल पाणी. पलीकडे टेकडी, तिच्या माथ्यावर शेवटचं ऊन. अलीकडे लालभडक काठ. अजून न रंगवलेल्या भागात कोळशाने आखलेले चौकोन दिसत होते. बाजूच्या घोडीवर, जिथे छोटं चित्र असायचं, तिथे रिकामी पट्टी होती.

"काठ एवढा लाल कसा हो?" नानाने विचारलं.

"तिथली मातीच तशी. तळ्याभोवती सगळीकडे दगड आणि खडी, एवढ्या एका वळणावर ओली लाल माती. म्हणून तर मी तिथे बसलो. सुट्टीत तळ्याकाठी राहिलो होतो त्या घरापासून जरा लांब पडतं, एकटाच गेलो होतो." चित्रकार बोलायला लागला की त्याचे खांदे सैल होत होते. "टेकडीवरून ऊन उतरलं की मी ब्रश खाली ठेवतो आणि उठतो. मागे वळून बघत नाही. बघितलं की हात सुधारायला जातो, आणि सुधारलेली स्टडी मेलेली असते."

अक्का कॅनव्हासच्या अगदी जवळ गेली होती. छातीच्या उंचीवर, हिरव्या पाण्यात, केशरी रंगाचा एक डाग होता.

"हे काय आहे?"

"तेच तर कळत नाही!" तो एकदम चिडल्यासारखा बोलला. "छोट्या चित्रात एक केशरी फटकारा आहे. जागेवर काम करताना आम्ही डोळे बारीक करतो. वस्तू बघायच्याच नसतात, नुसते रंग बघायचे. हिरव्यात कुठेतरी केशरी दिसलं, हाताने लावलं. त्या पाण्याला तेवढा एक केशरी हवाच होता. त्याच्यामुळे चित्र उभं राहिलं. पण मोठं करताना पंचाईत होते. छोट्यात फटकारा नुसता फटकारा राहिला तरी चालतं. मोठ्यात तो तोंड वर करून विचारतो, मी कोण? आधी तरंगतं पिंप केलं. खरवडलं. मग होडीचं टोक केलं. तेही खरवडलं. हात पुढे जाईना. शेवटी काल सकाळी, छोट्यात होता तसाच, नुसता रंग लावून ठेवला."

"म्हणजे काल दुपारी तो ओला होता."

"ओलाच. अजूनही पुरता वाळला नाही."

"मग हा खाली ओघळ कसला? तुम्ही पुसलात?"

चित्रकाराने वाकून बघितलं. केशरी रंग खालच्या हिरव्यात थोडा ओढला गेला होता. "मी नाही. चोराचा धक्का लागला असेल गडबडीत."

अक्काने पिशवीतून भिंग काढलं. "धक्का एकदा लागतो. हे वरून खाली, वरून खाली, तीन-चारदा गेलंय. एकाच बोटाने. आणि अजिबात जोर न देता."

तिने स्वतःचं बोट हवेत तसंच फिरवून पाहिलं. मग हात झटकन मागे घेतला.

*

चित्रकाराची शिष्या कोपऱ्यातल्या मोरीवर ब्रश धूत होती. चाळिशीतली, बोलकी, मुलं शाळेत गेली की इथे येणारी. तिच्या एप्रनवर केशरी डाग बघून नानाने अक्काला कोपराने ढोसलं. अक्काने दुर्लक्ष केलं.

"काल मी दुपारीच घरी गेले," शिष्या म्हणाली. "पण खरं सांगू? मी सरांना म्हटलं होतं, काढूनच टाका तो ठिपका, नाहीतर जन्मभर अडकून पडाल. एवढे चिडले माझ्यावर! ब्रशच फेकून मारला. हा बघा डाग."

"बोटाला लागला तर साबणाने जातो का हो हा रंग?"

"साबणाला कुठला दाद देतोय! नखाच्या कडेला बसला की टर्पेंटाईनच हवं. ते नसेल तर चार दिवस मिरवायचा. मी म्हणून बाटली सोबतच ठेवते." तिने स्वच्छ बोटं पसरून दाखवली.

"काल सकाळी आणखी कोण आलं होतं वर?"

"सरांचे भाऊ नेहमीसारखे डोकावून गेले. आणि हो, सरांच्या मिसेस आल्या! वर्षभरात पहिल्यांदा. चहा घेऊन. मला इतकं बरं वाटलं, म्हटलं चला, बाई एकदाच्या वर तरी चढल्या. दोन्ही चित्रांपुढे उभ्या राहिल्या. मग कप तसाच भरलेला खाली घेऊन गेल्या. सरांना द्यायचाच विसरल्या."

"सरांना कळलं?"

"सर काम करत होते," शिष्या म्हणाली. "त्यांना काय कळणार?"

*

चित्रकाराचा धाकटा भाऊ अंगणात मोटार धूत होता. लोकांना गाडी चालवायला शिकवणं हा त्याचा व्यवसाय. मोटारीच्या टपावर 'शिकाऊ' अशी पाटी होती.

"या, बसा गाडीत, फिरवून आणतो," तो मोठ्याने हसत म्हणाला. "भिऊ नका, माझ्या बाजूलाही ब्रेक आहे. लोक शिकतात आणि मी म्हातारा होतो, असा धंदा आहे हा."

अक्का गाडीत बसली नाही. "त्या संध्याकाळी तुम्ही तळ्यावरच्या घरी होता?"

त्याचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. "सगळेच होतो. सुट्टीपुरतं भाड्याने घेतलं होतं ते घर. मी व्हरांड्यात बसलो होतो. दादा चित्र संपवून घरी आला. त्यानंतर, अगदी दिवेलागणीला, भिंगरी घरातून निघाली. आम्ही तिला भिंगरीच म्हणायचो. फरसबंदीवरून सरळ धक्क्यावर गेली. केस मोकळे, वाऱ्यावर उडत होते. मला हात केला. मला वाटलं, बसेल जरा पाण्यात पाय सोडून." तो तीच काच पुन्हा पुसायला लागला. "रात्री शोधताना चपला आणि फ्रॉक धक्क्यावर मलाच सापडले. पोलिसांनाही मी हेच सांगितलं."

"त्याआधी दिवसभर ती घरातच होती?"

"दिवसभर. बाहेर पाऊल टाकलं नाही. दादाच्या आसपासही नव्हती ती." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "ते चित्र गेलं ते एका परीने बरंच झालं हो. डोळे फोडून घेत होता त्याच्यावर. त्याला सांगा, सापडत नाही म्हणून. तुमचं काय जातंय?"

अक्काने त्याच्या हातांकडे बघितलं. साबणाच्या पाण्याने सुरकुतलेली बोटं, नखांच्या कडा स्वच्छ.

*

चित्रकाराची बायको स्वयंपाकघरात लिंबाचं सरबत करत होती. सडपातळ, ताठ बांध्याची बाई. पाहुण्यांकडे बघून तिने मान हलवली आणि लिंबू पिळत राहिली. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला चिंधी बांधलेली होती.

"लागलं का हो?" नानाने कळवळून विचारलं.

"सुरी लागली. काल." लिंबाचा रस चिंधीवरून मनगटापर्यंत ओघळला. तिने तो पदराला पुसला आणि दुसरं लिंबू घेतलं.

"किल्ली कुणी घेतली काल दुपारी?" अक्काने विचारलं.

"माझं लक्ष नव्हतं. मी मुलीच्या खोलीत असते दुपारी."

"बघू का ती खोली?"

नाही म्हणायला कारण सापडलं असतं तर ती नाहीच म्हणाली असती. ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ती मुकाट्याने पुढे झाली.

खोली लख्ख होती. पलंगावर इस्त्री केलेली चादर, उशीजवळ मात्र माणूस बसून उठल्याची घडी. टेबलाच्या उघड्या खणात केसांच्या पिना, शंख, तुटका कंपास, शाळेचा बिल्ला आणि एक रिकामी पारदर्शक पिशवी, पोहायच्या टोपीची. तिच्या कोपऱ्यावर रंग कळावा म्हणून दुकानदाराने चिकटवलेली केशरी टिकली होती.

"जुनी आहे," बाई पटकन म्हणाली आणि खण लोटला.

पलंगाखाली चपला होत्या. अक्काने वाकून एक हातात घेतली, उलटी केली. तळाच्या नक्षीत वाळलेली माती घट्ट बसलेली होती.

"पोलिसांनी परत दिल्या तशाच ठेवल्यात," बाई म्हणाली. "धुतल्या नाहीत."

माती लाल होती.

*

अंगणात आल्यावर नानाला राहवेना. "अक्का, शिष्या! एप्रनवर डाग, सरांशी भांडण, आणि वर स्वतःच म्हणते काढून टाका म्हणून. गुरूचं चित्र पुरं होऊ नये अशी इच्छा. मत्सर. अगदी स्वच्छ."

"तुझा शर्ट सोडून काहीही स्वच्छ नाही," अक्का म्हणाली आणि जिन्याच्या पायरीवर बसली.

बसली ती बसलीच. नानाला हे नवीन होतं. उलगडा झाला की अक्का पाय आपटत चालते, असा त्याचा अनुभव.

"सापडला नाही का चोर?"

"चोर सापडला रे. तो सांगावा की नाही, ते सापडत नाही."

तेवढ्यात वरून चित्रकाराचा आवाज आला. तो जिन्याच्या कठड्यावरून वाकून बघत होता. "कळलं ना तुम्हाला काहीतरी? मग वर या. सगळ्यांना बोलावतो."

*

शिष्या घरी गेली होती. चित्रकार कॅनव्हाससमोर स्टुलावर बसला. भाऊ दाराशी उभा राहिला. बायको खिडकीपाशी.

अक्का म्हणाली, "चोराला पैसा नको होता. विकाऊ चित्रं सोडून त्याने फळी नेली. तुमचं काम अडवायचं होतं का? तसं असतं तर एवढ्या मोठ्या ओल्या चित्रावर एक हात फिरवला असता तरी पुरलं असतं. त्याने या चित्रात एकाच जागी बोट लावलं. या केशरी रंगाला. पुसायला नाही. पुसणारा जोर देतो. हे बोट वरून खाली हळूहळू फिरलंय. आपण एखाद्याच्या डोक्यावरून फिरवतो तसं."

"हा रंग साबणाने जात नाही. शिष्येकडे टर्पेंटाईन आहे, तिची बोटं स्वच्छ. तुमच्या भावाची बोटं मी पाहिली, तीही स्वच्छ. एकाच बोटाला चिंधी आहे. नाना, सुरीने कापलेल्या बोटावर लिंबाचा रस गेला तर काय होतं?"

"ब्रह्मांड आठवतं," नाना म्हणाला. आणि मग त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"आज ते बोट रसात भिजलं आणि बाईंच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही. तिथे जखम नाही."

चित्रकार बायकोकडे वळला. "तू?"

तिने खिडकीचा गज धरला.

अक्काचा आवाज खाली आला. "बाई, इथवर मी बोलले. फळी कुणी नेली ते विचारलं होतं, तेवढं मी सांगितलं. का नेली ते सांगू की थांबू? तुम्ही म्हणाल तसं."

"थांबा," भाऊच दारातून म्हणाला. "अहो, हात जोडतो. थांबा."

बायकोने नुसती मान हलवली. नाही, नाही.

"सांगा," चित्रकार म्हणाला. तो अक्काकडे बघत नव्हता. चित्राकडे बघत होता. "मी वर्षभर तेच एक रंगवतोय. पिंप करतो, खरवडतो. होडी करतो, खरवडतो. हाताला काहीतरी ठाऊक आहे आणि तो मला सांगत नाही. तुम्ही सांगा."

अक्काने बायकोकडे पाहिलं. तिने डोळे मिटले होते.

"तुमच्या भावाने सांगितलं, मुलगी दिवसभर घरात होती. मग दिवेलागणीला फरसबंदीवरून धक्क्यावर गेली. पण तिच्या चपलांना लाल माती आहे. तळ्याभोवती लाल माती एकाच वळणावर आहे, हे तुम्हीच मला सांगितलंत. तुम्ही बसला होता तिथे. म्हणजे ती त्या दुपारी तुमच्या मागोमाग आली होती. चपला तिने तिथे काढल्या, आणि कुणीतरी त्या उचलून धक्क्यावर नेल्या. चपला आपल्या पायांनी चालत नाहीत."

भाऊ दाराच्या चौकटीला पाठ घासत खाली बसला.

"दुसरं. तुमचा भाऊ म्हणतो, केस वाऱ्यावर उडत होते. तिच्या खणात पोहायच्या टोपीची रिकामी पिशवी आहे. टोपी खोलीत दिसली नाही. पोलिसांनी दिलेल्या वस्तूंतही चपला आणि फ्रॉकच. म्हणजे टोपी त्या दिवशी तिच्या डोक्यावर होती, आणि तुमच्या भावाला तिचा पत्ताही नव्हता. कारण त्याने तिला पाहिलंच नव्हतं. ती टोपी केशरी होती."

खोलीत तेलाचा वास एकदम जड झाल्यासारखा वाटला. चित्रकार हलला नाही.

"टेकडीवर ऊन होतं," तो अगदी हळू म्हणाला. "मी डोळे बारीक केले होते."

"हो."

"मी तिला रंगवलं."

"हो," अक्का म्हणाली.

भाऊ गुडघ्यांत तोंड घालून बोलत होता. "रात्री शोधताना कंदील घेऊन मी त्या वळणावर गेलो, दादा. तुझ्या घडीच्या स्टुलाचे खड्डे होते मातीत. त्याच्या मागेच, झुडपाआड, तिचा फ्रॉक आणि चपला. घडी करून ठेवलेला फ्रॉक. मला कळलं, ती तिथून उतरली. तू तिथे असताना. तुला हे कळलं तर तू जगायचा नाहीस असं वाटलं मला. उचललं सगळं आणि धक्क्यावर नेऊन ठेवलं. तोपर्यंत ती... काही उपयोग नव्हता रे तोपर्यंत. मग पोलिसांना सांगायला गोष्ट लागली. मोकळे केस, हात केला, सगळं माझ्या मनाचं. ती मला हात करून गेलीच नाही."

"माती मी तेव्हाच बघितली होती," बायको म्हणाली. तिचा आवाज कोरडा निघाला. "भावजी खोटं बोलतायत हे ठाऊक होतं. का बोलतायत तेही ठाऊक होतं. म्हणून धुतल्या नाहीत आणि बोललेही नाही. पण टोपीचं... काल चहा घेऊन वर आले. म्हटलं, किती दिवस नाही चढायचं? आणि समोर ती. पाण्यात. तुम्ही तिच्याकडे बघून विचारत होता, पिंप असेल की होडी."

"अगं..."

"उद्या-परवा तुम्हाला आठवलं असतं. म्हणून नेलं. जाळणार होते. काडीसुद्धा ओढली. पण ती आहे ना त्याच्यात. जिवंतपणीची शेवटची तीच आहे. कशी जाळू?"

ती खाली गेली. नानाला वाटलं, ती परत येणार नाही. ती आली. मुलीच्या उशीखालून काढलेली फळी तिने नवऱ्याच्या मांडीवर ठेवली.

चित्रकाराने ती उजेडाकडे वळवली. पाटीएवढं तळं. दोन बोटांएवढी टेकडी. आणि हिरव्यात तो फटकारा, तांदळाच्या दाण्याहून फारसा मोठा नव्हता. त्याच्या मागे एक बारीकशी पांढरी रेघ होती, दोन्हीकडे जरा फाकलेली.

त्याने रेघेजवळ बोट नेलं, टेकवलं नाही.

"ही पाण्याची रेघ," तो म्हणाला. "कापत गेलेल्या पाण्याची. तडफडणाऱ्या माणसाच्या मागे पाणी असं होत नाही. ती पोहत होती. सरळ. चांगली पोहत होती." त्याने वर पाहिलं. "मी ब्रश ठेवला, उठलो. मागे बघितलं नाही. मी उठलो तेव्हा ती अशीच होती का हो? की..."

नानाने अक्काकडे बघितलं. एक शब्द खोटा बोल, एवढंच त्याच्या डोळ्यांत होतं.

"ते चित्रात नाही," अक्का म्हणाली. "मला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही."

चित्रकाराने मान डोलावली. एकदा, दोनदा, मग डोलावतच राहिला. त्याच्या घशातून जो आवाज आला तो रडण्यासारखाही नव्हता. भाऊ उठून त्याच्याकडे यायला निघाला आणि मध्येच थांबला. आपल्याला तो अधिकार आहे की नाही, हे त्याला ठरवता येईना. चित्रकाराने न बघताच हात लांब करून त्याचं मनगट धरलं.

मग चित्रकाराने पुन्हा फळीकडे पाहिलं. "पण तिला तर पोहता येत नव्हतं."

"आलं होतं," बायको म्हणाली. "सबंध उन्हाळा शिकत होती. तुम्ही चित्राला बसलात की आम्ही दोघी पलीकडच्या उथळ पाण्यात जायचो. तुम्हाला दाखवायचं होतं तिला. म्हणायची, बाबा मान वर करतील आणि मी समोर असेन. टोपी त्यासाठीच केशरी घेतली, लांबून दिसावी म्हणून. एकटीने जायचं नाही असं वचन घेतलं होतं मी. त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं. मी झोपले होते."

"आम्ही दोघी म्हणजे? शिकवलं कुणी?"

"मी."

चित्रकार तिच्याकडे बघत राहिला. एरवी चित्राकडे बघायचा तसा, पण डोळे पूर्ण उघडे ठेवून.

"तुला पोहता येतं?"

"लग्नाआधी शर्यती जिंकल्यात मी," ती म्हणाली.

अक्काने नानाच्या बाहीला धरून त्याला दाराकडे ओढलं. भाऊही त्यांच्यामागून निघाला. जिन्याच्या वळणावर नानाने एकदा मागे पाहिलं. चित्रकार स्टुलावरून उठला होता. स्टूल त्याने बायकोपुढे सरकवलं आणि स्वतः तिच्या पायाशी जमिनीवर बसला.

"पहिल्या दिवसापासून सांग," तो म्हणत होता. "ती पहिल्यांदा पाण्यात उतरली तेव्हा काय म्हणाली?"

"किंचाळली," बायको म्हणाली. "पाणी गार होतं ना."

"मग?"